दोन कायम, तिसरा बदलता : ‘लो’ या अमेरिकन बँडच्या वाटचालीतील सदस्यबदलांचे मूल्यमापन

सारांश

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील डुलुथ या शहरात १९९३ मध्ये स्थापन झालेला ‘लो’ हा इंडी रॉक बँड २०२२ पर्यंत कार्यरत होता. अॅलन स्पारहॉक व मिमी पार्कर हे पतिपत्नी त्याचे स्थायी सदस्य होते. बेस गिटारवादकाचे तिसरे स्थान मात्र वेळोवेळी बदलत गेले. सदस्य बदलले की शैली बदलते, असे रॉक संगीताच्या समीक्षेत सर्रास गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात हे गृहीतक ‘लो’च्या तेरा अल्बमच्या आधारे तपासले आहे. ध्वनिरूपातील बदलांचा उलगडा केवळ सदस्यबदलाने होत नाही, तसाच तो केवळ निर्मात्याच्या बदलानेही होत नाही. दोन आवाजांमधील संबंध हाच या बँडचा खरा घटक होता, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : इंडी रॉक, स्लोकोअर, स्वरसंवाद, सामूहिक कर्तृत्व, निर्माता.

१. प्रस्तावना

कादंबरी एकाची असते आणि चित्रही बहुधा एकाचेच असते. रॉक बँडचे संगीत मात्र अनेकांचे असते. त्यामुळे ‘हे संगीत कोणाचे?’ हा प्रश्न या क्षेत्रात वरवर दिसतो तितका सोपा नाही. एखादा सदस्य गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला, तर बँड तोच राहतो की वेगळा होतो? नाव तेच राहिले म्हणून कलाकृतीचे कर्तृत्वही तेच राहते का? या प्रश्नांची चर्चा समीक्षेत बहुधा गायक-गीतकाराभोवती फिरते. ताल व खर्ज सांभाळणाऱ्या वादकांची दखल ते बँड सोडून गेल्यानंतरच घेतली जाते.

या दृष्टीने ‘लो’चे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. गिटार व गायन स्पारहॉक यांच्याकडे आणि तालवाद्य व गायन पार्कर यांच्याकडे, ही रचना जवळपास तीस वर्षे अबाधित राहिली. बेस गिटारची धुरा जॉन निकोल्स (१९९३-९४), झॅक सॅली (१९९४-२००५), मॅट लिव्हिंगस्टन (२००५-०८) आणि स्टीव्ह गॅरिंग्टन (२००८-२०) यांनी क्रमाने वाहिली. त्यानंतर ध्वनिमुद्रणात ही जागा रिकामीच राहिली. २०२२ मधील काही जाहीर कार्यक्रमांत लिझ ड्रेपर यांनी बेसची साथ केली. तेरा अल्बमपैकी पहिला निकोल्स यांच्यासह, पुढचे सहा सॅली यांच्यासह, एक लिव्हिंगस्टन यांच्यासह, चार गॅरिंग्टन यांच्यासह आणि अखेरचा केवळ दोघांचा, अशी विभागणी होते. बँड बहुतांश काळ त्रिकूट म्हणून ओळखला गेला असला, तरी त्याचा गाभा द्वयीचा होता हे यावरून स्पष्ट होते. तथापि गाभा दोघांचा होता म्हणून तिसऱ्या स्थानाला अर्थ नव्हता, असे म्हणणे घाईचे ठरेल.

२. संथ लयीची निवड

स्पारहॉक व पार्कर यांची ओळख मिनेसोटातील ग्रामीण भागात शालेय वयात झाली. दोघेही मॉर्मन पंथाचे अनुयायी. ‘लो’ची स्थापना झाली तेव्हा अमेरिकन रॉकमध्ये ग्रंज शैलीचा जोर होता. मोठा आवाज, विकृत केलेला गिटारध्वनी आणि आवेशपूर्ण गायन ही त्या शैलीची लक्षणे होती. ‘लो’ने याच्या नेमके उलट टोक गाठले. लय अतिविलंबित, आवाज हलका आणि दोन स्वरांमधील अवकाश मोठा, अशी त्यांची मांडणी होती. पार्कर उभ्या राहून मोजक्याच वाद्यांवर, बहुधा ब्रशने, ताल धरीत. रॉकमधील तालवादक चारही हातपायांनी जो भरगच्च ताल उभा करतो, त्याचा येथे जाणीवपूर्वक त्याग केलेला होता.

‘आय कुड लिव्ह इन होप’ (१९९४) हा पहिला अल्बम व्हर्जिन कंपनीच्या ‘व्हर्नन यार्ड’ या उपशाखेने प्रसिद्ध केला. त्याचे निर्माते क्रेमर होते. अशा संगीताला समीक्षकांनी ‘स्लोकोअर’ ही संज्ञा दिली. ती सोयीची असली तरी अपुरी आहे, कारण ती केवळ गतीविषयी बोलते. संथपणामुळे ऐकणाऱ्याच्या लक्षात काय फरक पडतो, हे ती सांगत नाही. लय विलंबित झाली की प्रत्येक स्वराची लगावट उघडी पडते, हे हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला वेगळे सांगावयास नको. ‘लो’च्या संगीतात ही उघडीप दोन कंठांच्या वाट्याला आली. स्पारहॉक व पार्कर एकाच वेळी दोन भिन्न, परस्परांशी जुळणाऱ्या स्वररेषा गातात. हा स्वरसंवाद, म्हणजेच हार्मनी, येथे सजावटीसाठी नाही. बरीचशी गाणी त्याच्यावरच तोललेली आहेत. बेसचे काम अशा वेळी जमिनीसारखे असते. ती लक्ष वेधून घेत नाही, परंतु ती नसेल तर उभे राहता येत नाही.

३. सदस्यबदल आणि निर्माते : एक पडताळणी

‘लो’च्या वाटचालीत एक योगायोग आढळतो आणि तो समीक्षकाला उपयोगी पडणारा आहे. बेसवादकाच्या स्थानातील चार बदलांपैकी तीन बदल एकाच निर्मात्याच्या दोन अल्बमच्या दरम्यान झाले. क्रेमर यांच्या पहिल्या अल्बमवर निकोल्स आहेत, तर दुसऱ्यावर, म्हणजे ‘लाँग डिव्हिजन’वर (१९९५), सॅली आहेत. डेव्ह फ्रिडमन यांच्या ‘द ग्रेट डिस्ट्रॉयर’वर (२००५) सॅली आहेत, तर ‘ड्रम्स अँड गन्स’वर (२००७) लिव्हिंगस्टन. बी. जे. बर्टन यांच्या ‘डबल निगेटिव्ह’वर (२०१८) गॅरिंग्टन आहेत, तर ‘हे व्हॉट’वर (२०२१) बेसवादकच नाही. निर्माता स्थिर आणि सदस्य बदललेला, अशा तीन जोड्या यातून तुलनेसाठी उपलब्ध होतात. सदस्यबदलाने शैली बदलत असेल, तर या तिन्ही जोड्यांत ठळक फरक दिसावयास हवा. निर्मात्यामुळे शैली ठरत असेल, तर तिन्ही जोड्यांत साम्य दिसावयास हवे.

प्रत्यक्षात तीन जोड्या तीन वेगळी उत्तरे देतात. पहिल्या जोडीत फरक अल्प आहे. ‘लाँग डिव्हिजन’ हा पहिल्या अल्बमचाच अधिक संयत विस्तार वाटतो. दुसऱ्या जोडीत फरक टोकाचा आहे. ‘द ग्रेट डिस्ट्रॉयर’मध्ये गिटारचा गडगडाट आहे, तर ‘ड्रम्स अँड गन्स’मध्ये गिटार मागे सरते आणि यांत्रिक आवर्तने व तुटक ताल पुढे येतात. तिसऱ्या जोडीत ध्वनीची सामग्री बरीचशी समान आहे, पण तिची मांडणी उलटी झाली आहे. पहिल्यात आवाज ध्वनिकल्लोळात बुडतात, तर दुसऱ्यात ते त्यातून वर येतात. याचा अर्थ असा, की एकही सूत्र तिन्ही ठिकाणी लागू पडत नाही. म्हणून कारणाचा शोध अन्यत्र घ्यावा लागतो.

४. सॅली यांचा कालखंड

झॅक सॅली हे अकरा वर्षे, म्हणजे सर्वाधिक अल्बमसाठी, तिसऱ्या स्थानावर होते. व्यंगचित्रकथांचे लेखक व प्रकाशक म्हणूनही ते परिचित आहेत. ‘द कर्टन हिट्स द कास्ट’ (१९९६) हा अल्बम स्टीव्ह फिस्क यांच्या निर्मितीखाली झाला. त्यानंतर बँडने व्हर्नन यार्ड सोडून शिकागोच्या ‘क्रँकी’ या छोट्या स्वतंत्र संस्थेचा आश्रय घेतला. ‘सीक्रेट नेम’ (१९९९) व ‘थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर’ (२००१) या अल्बमचे ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनी यांनी केले. अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवून घेण्यास नकार देत. वादक जे वाजवतात ते जसेच्या तसे टिपणे हे आपले काम, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे या दोन अल्बमना त्या काळातील बँडचे सर्वांत विश्वासार्ह चित्र मानता येईल. येथे बेस ही केवळ जमीन राहत नाही. गिटारने सोडलेल्या मोकळ्या जागेत ती स्वतःची रेषा आखते आणि दोन आवाजांखाली जणू तिसरा, शब्दहीन आवाज उभा राहतो. हे दोन अल्बम ‘लो’च्या उत्तम कामगिरीत मोडतात, यात शंका नाही.

हा बँड प्रथम शांत होता आणि नंतर कर्कश झाला, असा समज रूढ आहे. तो तपासून घ्यावयास हवा. ‘द कर्टन हिट्स द कास्ट’मधील ‘डू यू नो हाउ टू वॉल्ट्झ’ ही सुमारे चौदा मिनिटांची रचना अखंड गुंजनावर आधारलेली आहे आणि तीत ध्वनीचा थर हळूहळू दाट होत जातो. ‘साँग्ज फॉर अ डेड पायलट’ (१९९७) या लघु अल्बममध्येही असेच प्रयोग आहेत. म्हणजेच कल्लोळाचे बीज आरंभीच्या शांततेतच होते. पुढे जून २०१३ मध्ये मिनियापोलिस येथील ‘रॉक द गार्डन’ या उघड्यावरील महोत्सवात बँडने आपल्या संपूर्ण वेळेत हीच एक रचना सुमारे सत्तावीस मिनिटे सादर केली. ‘ड्रोन’ या इंग्रजी शब्दाचे अखंड स्वर आणि वैमानिकरहित युद्धविमान असे दोन अर्थ होतात. त्यांवर कोटी करून स्पारहॉक यांनी युद्धविरोधी एका वाक्याने समारोप केला. त्या सादरीकरणाने श्रोत्यांत मतभेद निर्माण झाले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेला त्यांचा अल्बम मात्र सर्वांत सौम्य अल्बमपैकी एक होता. हा विरोधाभास ‘शांततेकडून कल्लोळाकडे’ या सरळ रेषेच्या मांडणीला छेद देतो.

५. २००५ चे संकट

‘द ग्रेट डिस्ट्रॉयर’ हा सिअ‍ॅटलच्या ‘सब पॉप’ संस्थेने प्रसिद्ध केलेला ‘लो’चा पहिला अल्बम होय. ग्रंजच्या प्रसारात या संस्थेचा मोठा वाटा होता. ज्या शैलीला विरोध करून ‘लो’ उभा राहिला, तिच्याच घरात तो बारा वर्षांनी दाखल झाला, हे लक्षणीय आहे. त्याच वर्षी स्पारहॉक यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. नियोजित दौरा रद्द करावा लागला आणि त्याचे कारण त्यांनी जाहीर निवेदनाद्वारे स्पष्टपणे सांगितले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात सॅली यांनी बँड सोडला.

दुसऱ्या जोडीतील टोकाच्या फरकाचे कारण या पार्श्वभूमीवर शोधता येते. ‘ड्रम्स अँड गन्स’मधील बदल हा लिव्हिंगस्टन यांच्या आगमनाचा परिणाम नाही. फ्रिडमन यांच्या सवयींचाही तो परिणाम म्हणता येणार नाही, कारण भरघोस, फुगलेला ध्वनी ही त्यांची ख्याती होती आणि येथे ध्वनी मुद्दाम वाळवलेला आहे. इराकमधील युद्धाच्या काळात आलेल्या या अल्बममध्ये हिंसा हा मध्यवर्ती विषय आहे आणि त्यातील नैतिक प्रश्न स्वतःच्या श्रद्धेलाही सोडत नाहीत. अनेक गाण्यांत गायन स्टिरिओच्या एकाच बाजूला ठेवले आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याला एक कान सतत रिकामा जाणवतो. बदललेली आतली स्थिती ध्वनिरचनेत अशी प्रत्यक्ष उतरली आहे. गायनाची ही विषम मांडणी काही ठिकाणी युक्तीच्या पातळीवर राहते, हे मान्य करूनही संकटाला थेट सामोरे जाणारा अल्बम म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

६. गॅरिंग्टन यांचा कालखंड

गॅरिंग्टन यांच्या आगमनाने बँडला पुन्हा स्थैर्य लाभले. ‘कमॉन’ (२०११) हा अल्बम डुलुथमधील एका जुन्या, उपासनेसाठी वापरात नसलेल्या कॅथलिक चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झाला. ‘ट्रस्ट’ (२००२) या अल्बमसाठीही तीच वास्तू निवडली होती. त्यानंतरचा ‘द इन्व्हिजिबल वे’ (२०१३) शिकागो येथे जेफ ट्वीडी यांच्या निर्मितीखाली झाला. पियानो व साध्या गिटारच्या साथीत त्यातील अकरा गाण्यांपैकी पाच गाण्यांचे मुख्य गायन पार्कर यांनी केले. त्यापूर्वीच्या कोणत्याही अल्बममध्ये त्यांना इतके स्थान मिळाले नव्हते.

या दोन अल्बमविषयी समीक्षेने थोडे कठोर व्हावयास हवे. स्वरसंवाद येथे निर्दोष आहे, पण हा निर्दोषपणाच कधी कधी अडथळा ठरतो. पूर्वीच्या अल्बममध्ये दोन आवाज एकमेकांना सावरीत, कारण भोवतीची शांतता किंवा गोंगाट त्यांना ढकलीत असे. येथे ढकलणारे काहीच नाही. त्यामुळे काही गाणी केवळ सुखद होतात. पार्कर यांच्या एकल गायनाने मात्र एक गोष्ट सिद्ध झाली. मुलाखती व निवेदने यांतून बँडची बाजू बहुधा स्पारहॉक मांडीत आणि समीक्षाही त्यांच्याच चरित्राभोवती फिरत असे. प्रत्यक्षात ‘लो’च्या संगीताचे गुरुत्व पार्कर यांच्या आवाजाने तितकेच, किंबहुना काही ठिकाणी अधिक, धारण केलेले होते.

‘वन्स अँड सिक्सेस’ (२०१५) पासून बर्टन यांच्याशी सहकार्य सुरू झाले. विस्कॉन्सिन राज्यातील जस्टिन व्हर्नन यांच्या स्टुडिओत या अल्बमचे काम झाले. ‘डबल निगेटिव्ह’मध्ये या सहकार्याने टोक गाठले. तालाचा प्रत्येक आघात बाकीच्या ध्वनीला खाली दाबतो, आवाज फाटतात, विरतात, पुन्हा उमटतात. पंचवीस वर्षे मुख्यत्वे गिटार, बेस, तालवाद्य व कंठ यांवर चाललेल्या बँडने आपलीच सामग्री ओळखू येणार नाही इतकी विस्कटून टाकली. विशेष म्हणजे एवढे झाल्यावरही गाणे ‘लो’चेच आहे हे तत्काळ कळते, कारण मोडलेल्या ध्वनीतूनही दोन आवाजांमधील अंतर तेच राहते. ‘लो’ची ओळख वाद्यसंचात नव्हती, याचा हा सबळ पुरावा होय.

७. तिसऱ्याविना

२०२० मध्ये गॅरिंग्टन बाहेर पडले आणि ‘हे व्हॉट’ हा ‘लो’चा एकमेव अल्बम केवळ द्वयीचा म्हणून प्रसिद्ध झाला. ग्रॅमी पुरस्कारांच्या ध्वनिअभियांत्रिकी विभागात त्याला नामांकन मिळाले. बेसची जागा भरून काढण्याऐवजी दोघांनी व बर्टन यांनी गिटारलाच असे रूप दिले, की ती एकाच वेळी खर्ज, ताल आणि गोंगाट होते. पार्कर यांचे तालवाद्यही फारसे ऐकू येत नाही. उरतात ते आवाज, आणि ते या वेळी स्वच्छ व निकट ठेवले आहेत.

येथे तिसऱ्या स्थानाचा अर्थ उलट बाजूने उलगडतो. बेस नसल्याने निर्माण झालेली पोकळी भरण्यासाठी संपूर्ण ध्वनिरचना नव्याने घडवावी लागली. म्हणजेच सॅली, लिव्हिंगस्टन व गॅरिंग्टन यांचे काम नगण्य नव्हते. ते ‘लो’ची ओळख ठरवीत नव्हते, परंतु ती ओळख पेलण्याची सोय करीत होते. बदलता येणे म्हणजे अनावश्यक असणे नव्हे. सामूहिक कलेच्या समीक्षेत हा भेद अनेकदा विसरला जातो.

न्यू जर्सीमध्ये १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘यो ला टेंगो’ या बँडशी तुलना येथे उपयुक्त ठरते. तेथेही गिटार व तालवाद्य सांभाळणारे पतिपत्नी, आयरा कॅप्लान व जॉर्जिया हबली, हेच केंद्र आहे. तेथेही आरंभी बेसवादक वारंवार बदलले. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी जेम्स मॅक्न्यू आले आणि तिसरे स्थान कायमचे स्थिरावले. परिणामी तो बँड खऱ्या अर्थाने तिघांचा झाला. ‘लो’च्या बाबतीत अकरा-बारा वर्षांचा सहवास दोनदा घडूनही असे झाले नाही. स्वरसंवादातील दोन जागा भरलेल्या होत्या आणि तिसऱ्या आवाजासाठी तेथे जागा नव्हती, हे त्याचे एक कारण संभवते.

८. न बदलता येणारे

पार्कर यांना डिसेंबर २०२० मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले. ५ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. सदस्यबदलाच्या ज्या प्रश्नापासून या विवेचनाचा आरंभ झाला, त्याला या घटनेने अंतिम उत्तर दिले. चार वेळा तिसरे स्थान बदलूनही टिकलेले नाव एका आवाजाच्या जाण्याने थांबले. स्पारहॉक यांनी त्यानंतरचे अल्बम ‘लो’ या नावाने नव्हे, स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले. ‘व्हाइट रोझेस, माय गॉड’ (२०२४) मध्ये त्यांनी आपला आवाज यंत्राद्वारे इतका बदलला आहे, की तो ओळखू येत नाही. हा केवळ तांत्रिक प्रयोग म्हणून बाजूला सारता येणार नाही. तीस वर्षे जो आवाज दुसऱ्या आवाजाच्या संदर्भातच ऐकला गेला, त्याला एकटे उभे राहताना स्वतःचे पूर्वीचे रूप वापरणे अशक्य झाले असावे, असा अर्थ त्यातून निघतो. अल्बम म्हणून तो विस्कळीत आहे, पण त्याचा विस्कळीतपणा प्रामाणिक आहे. पुढील वर्षी, २०२५ मध्ये, डुलुथच्याच ‘ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स’ या ब्लूग्रास बँडसह आलेल्या अल्बममध्ये त्यांचा नैसर्गिक आवाज पुन्हा ऐकू येतो आणि त्याच्या सोबतीला अनेकांचे आवाज आहेत. एका आवाजाची जागा समूहाने घेतली आहे, एका व्यक्तीने नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, सदस्यबदल आणि शैलीबदल यांचा सांधा आपोआप जुळत नाही. ‘लो’च्या बाबतीत तीन बदलांचे तीन वेगळे परिणाम दिसतात. दुसरा, निर्मात्याला शैलीचा कर्ता ठरविणेही तितकेच एकांगी आहे, कारण एकाच निर्मात्याच्या हाताखाली परस्परविरोधी अल्बम घडले. तिसरा, बदलत्या सदस्यांचे योगदान ओळख घडविण्यात नसले तरी ती पेलण्यात असते, म्हणून त्याचे मूल्यमापन स्वतंत्र निकषांवर व्हावयास हवे. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, या बँडचा कर्ता एक व्यक्ती नव्हती, तर दोन व्यक्तींमधील संबंध हा त्याचा कर्ता होता.

कर्तृत्व व्यक्तीत शोधण्याची समीक्षेची सवय अशा ठिकाणी अपुरी पडते. संबंध ध्वनिमुद्रित होतो, पण त्याची नोंद श्रेयनामावलीत होत नाही. ‘लो’च्या तेरा अल्बमच्या श्रेयनामावलीत बेसवादकांची आणि निर्मात्यांची नावे बदलत राहिली. त्या नावांच्या दरम्यान दोन आवाजांमधील जे अंतर राखले गेले, तेच या संगीताचे मर्म होय. ते ऐकण्यासाठी समीक्षेला नावांच्या पलीकडे जावे लागेल.